लाल शर्टाची नोंद

सोमवार, २ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' अशी सुरुवात करायला आपल्याला शाळेत शिकवलं होतं. इकडचं सगळं क्षेम नाही आणि तिकडचं मला नऊ वर्षांत कुणी कळवलेलं नाही, म्हणून ते वाक्य गाळते. तुझा पत्ता तुझ्या मुलीकडून घेतला. तिला रागावू नकोस. ती नको नको म्हणत होती, मीच भीड घातली.

पेन्सिलीने लिहितेय म्हणून नाक मुरडू नकोस. संग्रहालयाच्या भांडारात, म्हणजे भिंतीवर न लावलेली चित्रं जिथे ठेवतात त्या खोलीत, शाई न्यायला बंदी आहे आणि मी जेवणाच्या सुट्टीत इथेच बसले आहे. जेवण बाहेर उरकलं. इथे बिस्किटाचा चुराही चालत नाही. चुऱ्याला मुंग्या येतात, मुंग्यांच्या मागून झुरळं येतात आणि कसर तर आमंत्रणाचीच वाट बघत असते. बंदी कुणी घातली हे तू ओळखलं असशील. आई मला हवालदार म्हणायची आणि एका जागी न टिकणाऱ्या तुला भिंगरी, ते काही उगाच नाही.

कामाचं सांगते. वीस मार्चला आमचं नवं दालन उघडतंय. आईने काढलेल्या आणि संग्रहालयाला दिलेल्या चौदा जलरंगचित्रांपैकी सहा त्यात लागणार आहेत, आणि त्यात 'खिडकीतली मुलं' आहे. हो, तेच. खिडकीच्या कट्ट्यावर आपण दोघं बसलोय, तू लाल शर्टात, मी निळ्या फ्रॉकमध्ये, आणि तू पळून जाऊ नयेस म्हणून मी तुझी कॉलर मुठीत धरलीय. तुला रीतसर कार्ड येईल. त्यावर संचालकांची सही असेल आणि 'सहकुटुंब' असं छापलेलं असेल. त्याच्या आधी माझं पत्र पोचावं एवढीच इच्छा.

आलास तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कागदावरच्या चित्रांसाठी आम्ही उजेड फार मंद ठेवतो. पन्नास लक्स, म्हणजे देवघरात एखादा दिवा लावावा तेवढा. त्यात रंग जरा फिके वाटतात. सगळ्यांनाच वाटतात. तेव्हा मनात काही आणू नकोस.

आणि एक मागायचं आहे. आईच्या सगळ्या वस्तूंमधून तू एकच नेलीस, ती पत्र्याची रंगपेटी. खरं तर तुझीच, शाळेतली. चांगल्या लालची नळी संपली होती म्हणून आईने तुझ्या पेटीतली लाल वडी घेऊन तुझा शर्ट रंगवला आणि तू दोन दिवस 'माझा लाल संपवला' म्हणून भोकाड पसरलं होतंस. ती पेटी तुझ्याकडे अजून असली तर थोड्या दिवसांसाठी पाठवशील का? चित्राशेजारी काचेच्या पेटीत ठेवायचा विचार आहे. लोकांना असलं काही बघायला आवडतं.

त्या दुपारबद्दल मी काही लिहिणार नव्हते, पण न लिहिता पुढे जाणंही खोटं वाटतं. आई म्हणाली, मला एकदा ते चित्र आणून दाखव. मी म्हटलं, आई, ते विश्रांतीला ठेवलंय. तीन महिने भिंतीवर राहिलं की पाच वर्षं अंधारात, असा नियम आहे. तू आईसाठी पाणी आणायला गेला होतास. परत आलास, ग्लास टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "तुला आईपेक्षा ते कपाट प्रिय." मग चपला घालून गेलास. आई नवव्या दिवशी गेली. तू सगळं केलंस, माझ्याशी एक शब्द न बोलता.

नियम माझा नव्हता, भिंगरी. जगभरची संग्रहालयं तोच पाळतात. कागदावरचा रंग एकदा गेला की परत येत नाही. एवढं तरी तू समजून घ्यायला हवं होतंस.

तुझी,
ताई


गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तर नाही. पेटी नाही. मी दहा दिवस टपाल आलं की आवक-जावकच्या टेबलाशी घुटमळते आणि तिथली कारकून बाई माझ्याकडे बघून मान हलवते. तिला काय वाटतं कोण जाणे. या वयात माझं कुठेतरी जमलंय असं वाटत असेल तर वाटो.

मागचं पत्र मी पाठवायच्या आधी चारदा वाचलं आणि चारही वेळा ते मला फार शहाणं वाटलं. म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार. मंद उजेडात रंग फिके दिसतात असं मी लिहिलं. ते खरं आहे. पण तुझा शर्ट त्यामुळे फिका दिसणार नाही. तुझा शर्ट गेलाय.

गेलाय म्हणजे पूर्ण गेलाय. तोंड आहे, केस आहेत, कट्ट्यावरून लोंबणारे पाय आहेत, एका गुडघ्यावरचं खरचटलेलं सुद्धा आहे. मधे टीपकागदासारखं काहीतरी उरलंय. माझा निळा फ्रॉक जसाच्या तसा आहे. माझी मूठही. मुठीत धरायला काही नाही.

कसं झालं ते सांगते. त्या वर्षी चित्र लावायची जागा मीच निवडली होती. जिन्याच्या वळणावरची भिंत, आत शिरणाऱ्याची पहिली नजर पडते ती. दुसऱ्या कुणाचं जलरंगचित्र तिथे लावायचं म्हटलं असतं तर मी कडाकडा भांडले असते, कारण समोर उंच खिडकी आहे. पण आपला तो बाब्या. आईचं चित्र लोकांनी आल्या आल्या बघावं असं मला वाटत होतं. खिडकीबाहेर मोठं झाड होतं, त्याची दाट सावली पडायची. मी मीटर लावून बघितलं, पन्नास आला. झालं.

मग रस्ता रुंद करायला ते झाड तोडलं. मला ते माहीत होतं. करवतीच्या आवाजाने दोन दिवस डोकं उठलं होतं, मी तक्रारही केली होती, धूळ आत येते म्हणून. धुळीची तक्रार केली, उन्हाचा विचार केला नाही. कारण उजेडाची नोंद मी रोज सकाळी दहाला घेते. नोंदवहीत रकानाच तसा आहे, 'स. १०'. दहाला तिथे पन्नासच यायचा. रोज. ऊन यायचं दुपारी, तिनाच्या पुढे, आणि तासभर त्या भिंतीवर पडून राहायचं. दहाच्या रकान्यात ते कधी आलंच नाही.

आणि मला कुणी सांगितलं नाही असंही नाही. जिन्यापाशी बसणारे आमचे पहारेकरी, मिशीवाले काका, एकदा म्हणाले होते, "ताई, दुपारी त्या चित्रावर ऊन येतं हो."

मी काय म्हटलं असेल? "काका, उजेड मोजायचं काम माझं आहे. तुम्ही माणसं मोजा."

त्यांनी मान डोलावली आणि ते माणसं मोजत बसले. मी रोज त्या चित्रासमोरून जात होते आणि मला काही दिसलं नाही. रोज बघणाऱ्याला आपलं मूल वाढलेलं दिसत नाही तसंच हे. तीन महिन्यांनी चित्र उतरवलं, फ्रेम काढली, चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, माउंट म्हणतो आम्ही, ती उचलली. तिच्या खाली, डाव्या कडेला, बोटभर रुंदीची पट्टी होती तुझ्या कोपरावरच्या बाहीची. लालभडक. आईने रंगवला त्या दिवसासारखी. आणि तिच्या शेजारी, सरळ रेषेत, बाकीचा शर्ट. तेव्हा मला कळलं मी काय केलंय. मी तिथेच स्टुलावर बसले. बराच वेळ माउंट परत खाली ठेवायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीटर घेऊन त्या भिंतीपाशी गेले. आकडा पाच अंकी होता. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे उलटं झालं, पण म्हण तीच.

आई आजारी पडली त्याच्या सहा महिने आधीची ही गोष्ट. आता तुला त्या दुपारचा अर्थ लागला असेल. नियम होता, खोटा नव्हता. पण मी त्याच्या आड उभी होते. चित्र घरी आणून आईच्या मांडीवर ठेवायला मला संचालकसाहेबांची एक सही पुरली असती. ते काही निर्दय नाहीत. मी सही मागितलीच नाही. तिने ते बघू नये म्हणून.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगून बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटत नाहीये.

ताई


सोमवार, २३ फेब्रुवारी

भिंगरी,

पुन्हा उत्तर नाही. हरकत नाही. मी आता तुला लिहायची सवयच लावून घेतलीय. तीन पेन्सिली झिजल्या.

मागच्या पत्रात सगळं सांगितलं असं तुला वाटलं असेल. मलाही दोन दिवस तसंच वाटत होतं. मग लक्षात आलं की मी चूक सांगितली, गुन्हा सांगितला नाही. चूक कुणाच्याही हातून होते. दहाचा रकाना, झाड, काका, हे सगळं चुकीत मोडतं. त्यानंतरचं मी ठरवून केलंय.

चित्र भिंतीवरून उतरलं की त्याची अवस्था वहीत लिहायची असते. कुठे डाग, कुठे सुरकुती, कुठला रंग कसा. हे माझंच काम आणि मी त्यात फार कडक आहे. शिकाऊ मुलींनी 'बरी' असं लिहिलं तर मी वही परत करते. बरी म्हणजे काय? तापातून उठलेल्या माणसाला बरा म्हणतात. तर त्या दिवशी वरच्या कचेरीत मी वही पुढे ओढली आणि 'खिडकीतली मुलं'च्या समोर शाईने लिहिलं: 'मुलाच्या अंगावरील लाल रंग मूळचाच फिका.' खाली सही. पूर्वीचा फोटो काळा-पांढरा होता, त्यात लाल काय नि करडा काय. मूळ रंग नक्की आठवेल अशी माणसं तीन. आई, तू, मी.

'मूळचाच'. त्या एका शब्दाने मी आईवर ढकललं. जणू तिनेच तुला तसा रंगवला होता, अर्धामुर्धा.

आता पेटी कशाला हवी तेही सांगते. काचेत ठेवायला नको होती. आमच्याकडे चित्रं दुरुस्त करणारा एक जण आहे, हात इतका सफाईचा की सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. नव्या दालनासाठी चित्र बाहेर काढलं तेव्हा त्याने माउंट उचलला आणि ती लाल पट्टी बघितली. माझ्याकडे बघितलं. मग दार लावून घेतलं.

"ताई, हे मूळचं फिकं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"एका दिवसाचं काम आहे. मूळ रंगाचा नमुना मिळाला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. कशाला शेवटी शेवटी चौकशी-बिकशी?"

तो वाईट माणूस नाही, खरंच माझ्या भल्यासाठी म्हणत होता. असल्या कामाला माझा जन्मभर विरोध. गेलेला रंग वरून लावायचा आणि मूळचा म्हणून दाखवायचा, हे मी इतरांना किती वेळा नाकारलंय याची गणती नाही. एका मोठ्या घराण्यातल्या बाई आजोबांचं तैलचित्र ताजं करून मागायला आल्या होत्या, त्यांना मी असं व्याख्यान दिलं की त्या चहा न घेता उठून गेल्या.

डॉक्टरला मी हो म्हटलं. नमुना आणते म्हटलं. म्हणून पेटी मागितली. वीस तारखेला तू दालनात उभा राहशील, लाल शर्टातला तू बघशील, आणि मला काही सांगावं लागणार नाही, असा माझा बेत होता. दुसऱ्या पत्रात शर्ट गेल्याचं लिहिलं तेव्हा तो बेत निम्मा मोडला, तरी पेटीचं खरं कारण मी झाकूनच ठेवलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे मला कळायला हवं होतं.

अजून एक राहिलंय.

त्या दुपारी तू पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलास तेव्हा आईने मला आणखी एक विचारलं होतं. चित्र आणता येणार नाही म्हटल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लाल टिकलाय ना गं?"

मी म्हटलं, "टिकलाय आई. कालच बघितला. तसाच आहे."

ती "बरं" म्हणाली आणि तिने डोळे मिटले. मला तेव्हा वाटलं, समाधानाने मिटले. नऊ वर्षं मी तेवढ्या एका 'बरं'वर काढली. निदान आईला तरी कळलं नाही, असं म्हणत.

पेटी पाठवायची की नाही ते आता तू ठरव. कशासाठी हवी ते तुला माहीत आहे. डॉक्टरला मी दहा मार्चपर्यंत थांबायला सांगितलंय.

ताई


सोमवार, ९ मार्च

भिंगरी,

हे शाईने लिहितेय. म्हणजे भांडारात नाही, वरच्या कचेरीत बसलेय. समोर अवस्थेची वही उघडी आहे आणि तिच्या शेजारी तुझी रंगपेटी.

पार्सल शुक्रवारी आलं. कारकून बाईने स्वतः आणून दिलं आणि तिथेच उभी राहिली, म्हणून मी ते उघडलं नाही. ती गेल्यावर उघडलं. पेटीच्या झाकणावर तू खिळ्याने कोरलेलं तुझं नाव आहे आणि त्याखाली 'हात लावू नये', हे मी विसरले होते. लाल वडी अर्धी शिल्लक आहे. मधे आईच्या ब्रशने पाडलेला खळगा आहे. अंधारात राहिल्यामुळे अजून भडक.

तुझी चिठ्ठी मी इथे पुन्हा उतरवून काढते. तू लिहिलीस म्हणून तुला ती माहीत आहे, पण मला ती स्वतःच्या हाताने लिहून बघायची आहे.

'ताई, पेटी पाठवतोय. काय करायचं ते तू बघ. तू उजेडाच्या त्या प्रशिक्षणाला चार दिवस परगावी गेली होतीस ना, तेव्हा मी आईला संग्रहालयात घेऊन आलो होतो. चित्र लावून पाच आठवडे झाले असतील. दुपारची वेळ होती, चित्रावर ऊन होतं. ती बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, माझा भिंगरी पुसत चालला की रे. मी म्हटलं, ताईला फोन लावतो, आत्ताच्या आत्ता उतरवू दे. तर म्हणाली, जे जायचं ते गेलंय, शाळेच्या पेटीतला रंग तो. तू तिला काही बोलायचं नाहीस. तिचं तिला कळेल आणि ती आपण होऊन येऊन सांगेल. मला वचन द्यायला लावलं. मग आठ महिने वाट बघितली तिने. शेवटी चित्र मागितलं ते बघायला नव्हतं मागितलं. तुला बोलायला सोपं जावं म्हणून विषय काढला होता. मी पाण्याचा ग्लास घेऊन दाराशीच उभा होतो. तू काय म्हणालीस ते मी ऐकलं. तुझ्या नियमांवर मी कधीच चिडलो नव्हतो. भिंगरी.'

बस. एवढंच.

मी उजेडाच्या प्रशिक्षणाला गेले होते. परत आल्यावर सगळ्यांना पाऊण तास भाषण दिलं होतं, कोणता रंग किती दिवसांत उडतो त्यावर.

चिठ्ठी वाचून मी खाली जिन्यापाशी गेले. मिशीवाले काका खुर्चीत होते. मिशी आता पांढरी झालीय, खुर्ची तीच.

"काका, नऊ वर्षांपूर्वी माझी आई इथे आली होती?"

त्यांनी विचारलं नाही कोणती आई, कधी. "आल्या होत्या. मी खुर्ची दिली. पण त्या बसल्या नाहीत."

"मला सांगितलं नाहीत."

"त्यांनीच सांगितलं होतं ताई, तिला सांगू नका म्हणून."

"आणि तुम्ही नऊ वर्षं गप्प बसलात?"

"तुम्हीही बसलात की," ते म्हणाले. टोमणा नव्हता. सकाळी किती माणसं आली हे सांगतात त्याच आवाजात म्हणाले.

मी वर आले आणि दार लावून रडले. भिंगरी, मला तिच्या मरणाचं इतकं रडू आलं नव्हतं. ती मला खोटं बोलताना बघत होती. तिला माहीत होतं, आणि ती 'बरं' म्हणाली. मी तिला दुखवू नये म्हणून खोटं बोलले असं मी स्वतःला सांगत होते. तिला दुखवू नये म्हणून काही नव्हतं ते. तिने मला हवालदार म्हणणं थांबवू नये म्हणून होतं. आणि तू तो ग्लास घेऊन उभा होतास, आणि मी तुला इतकी वर्षं तापट, अडाणी, नियम न कळणारा म्हणत आले. पहिल्या पत्रातसुद्धा म्हटलं. मला माफ कर.

शनिवारी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, वहीतल्या नोंदीसकट. पेपरवेट फिरवत ते म्हणाले, "आत्ताच कशाला? उद्घाटन तरी होऊ दे." मी म्हटलं, साहेब, मी नऊ वर्षं हेच म्हणत होते. चौकशी होईल. लेखी जबाब मागतील, मी देईन. शिकाऊ मुलींना मी स्वतःच सांगितलं, त्यांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. एकीने विचारलं, "मग आता दुपारचाही रकाना ठेवायचा का?" आजपासून ठेवलाय. 'स. १०' आणि 'दु. ४'.

डॉक्टर आज ब्रश धुऊन तयार होता. पेटी बघून त्याचे डोळे चमकले, लाल वडीवर बोट टेकवणारच होता. मी झाकण लावलं. हात लावू नये असं वर लिहिलंच आहे. तो म्हणाला, "मग चित्र तसंच लावणार? लोक विचारतील." विचारू देत. खाली पाटी लागेल, आणि ती मी लिहिणार आहे.

आमच्या वहीत खोडायची पद्धत नाही. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी खरं लिहून तारीख घालायची. मघाशी रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'मुलाचा शर्ट मूळचा लाल. उन्हात ठेवल्याने रंग गेला. माउंटखालच्या डाव्या कडेस मूळ लाल शिल्लक. दुर्लक्ष व खोटी नोंद माझी.' सही केली. आईचं चित्र आता वहीत तरी पूर्ण झालं.

तुझी पेटी मी संग्रहात घातलेली नाही. ती तुझी आहे. तू आलास की घेऊन जा, नाहीतर ठेवायची असेल तर तू सांग.

वीसला गर्दी असेल, हार-तुरे असतील, भाषणं असतील. त्या दिवशी नको येऊस. आदल्या दिवशी ये, गुरुवारी, दुपारी चारला. काकांना सांगून ठेवलंय, ते तुला खाली भांडारात आणतील. मी चित्र फ्रेममधून काढून टेबलावर ठेवेन, माउंटशिवाय. कोपराची लाल पट्टी तुला बघता येईल. दहा मिनिटं दिवा लावू, तेवढं त्याला सोसेल, आणि ती दहा मिनिटंही मी वहीत लिहीन.

एक कर. आत यायच्या आधी, दारातच, मला आईसारखं विचार. लाल टिकलाय ना गं, असं. मला त्याचं एकदा बरोबर उत्तर द्यायचं आहे.

तुझी,
ताई